साखरपुड्याच्या अंगठीचा बँड कसा निवडायचा: आधी अंगठी उलटी धरून बघा

अंगठ्यांची डिझाईन काढून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अंगठी निवडायला आलेली जोडपी मी रोज बघते आणि जवळपास प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडते. दोन तास खडा बघण्यात जातात, गोल घ्यायचा की ओव्हल, किती कॅरेटचा, रंग कसा, आत काही डाग दिसतोय का, सगळं भिंगाखाली धरून धरून, आणि मग शेवटी बँड कसा हवा विचारलं की "साधाच द्या, पातळसा" एवढ्यावर विषय संपतो. सहा महिन्यांनी तीच मुलगी परत येते. अंगठी बोटात गोल फिरते, खडा सारखा तळहाताकडे जातो, नाहीतर शेजारच्या बोटाला टोचतं, नाहीतर अंगठी गोलच राहिलेली नसते. खड्याची तक्रार घेऊन आलेली माणसं बोटांवर मोजता येतील, बाकी सगळ्या तक्रारी बँडच्याच.

बँड म्हणजे बोटाभोवती फिरणारा धातूचा भाग, कारागीर त्याला शँक म्हणतात, कुणी पट्टी म्हणतं. त्याच्याकडे लक्ष जात नाही याला कारणही आहे. १८८६ साली टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने सहा प्राँगवर, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक नख्यांवर, हिरा बँडच्या वर उचलून धरणारी अंगठी आणली, त्याच्या आधी हिरा बहुतेक करून धातूच्या कोंदणात खाली बसवलेला असायचा. हिरा वर आला तसा त्याच्यात चहूबाजूंनी उजेड जायला लागला, चमक वाढली, आणि लोकांची नजर वरच अडकली ती आजपर्यंत. पण वरचा खडा तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा बघणार, बँड मात्र चोवीस तास कातडीला लागून असणार आहे. म्हणून माझं सांगणं असं की अंगठी हातात घेतली की पहिल्यांदा ती उलटी धरा. आतली बाजू बघा, तळहाताकडे जाणारा खालचा भाग बघा, आणि मग वर या. निवडायचंही त्याच क्रमाने.

आतली बाजू

कल्पना करा की अंगठी एका जागी कापली आणि त्या कापलेल्या टोकाकडे तुम्ही समोरून बघताय. तिथे जो आकार दिसतो त्याला प्रोफाईल म्हणतात, आणि अंगठी सुखाची होणार की त्रासाची हे निम्मं-अर्धं तिथेच ठरतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो डी आकार, म्हणजे बाहेरून गोलसर फुगीर आणि आतून सपाट. धातू कमी लागतो, अंगठी हलकी राहते, अरुंद बँडला हा आकार अगदी चांगला चालतो. दुसरा कोर्ट, याच्यात बाहेरची बाजू फुगीर आणि आतलीही, टोकाकडून बघितलं तर लंबगोल दिसतो. आतून फुगीर असली की त्याला कम्फर्ट फिट म्हणतात. याचा फायदा घालताना-काढताना कळतो, अंगठी सांध्यावरून घसरून खाली जाते, कडा कातडीत रुतत नाहीत, मूठ आवळली तरी बोटाच्या बाजूचं मांस चिमटल्यासारखं होत नाही. तिसरा सपाट, आतून-बाहेरून दोन्हीकडे. फोटोत फार सुंदर दिसतो, रेषा एकदम स्वच्छ येतात, पण कडा हाताला जाणवतात आणि आतून सपाट रुंद बँड असला की त्याच्याखाली साबणाचं पाणी, घाम अडकून राहतो आणि कातडी पांढरी पडते, खाजते. तुम्हाला सपाट लूकच हवा असेल तर फ्लॅट कोर्ट मागा, बाहेरून सपाट आणि आतून गोलसर, दोन्ही साधतं. थोडा धातू जास्त लागतो पण तो वाया जात नाही.

माझा अंदाज साधारण असा आहे की बँड अडीच मिलिमीटरपर्यंत असेल तर आतून सपाट असला तरी फारसं बिघडत नाही, त्याच्या पुढे गेलात की आतून गोलाई घ्याच. आणि काही असो, आतल्या दोन्ही कडा हलक्या हाताने मोडलेल्या, म्हणजे घासून गोल केलेल्या असल्या पाहिजेत. नखाने तपासा. नख कडेवरून आतून बाहेर फिरवा, अडकलं तर ती कड कातडीलाही लागणार.

नाईफ एज नावाचा एक प्रकार आहे तो इथेच सांगते कारण तो फार लोक फोटो बघून मागतात. बँडच्या दोन बाजू वर येऊन एका धारेवर मिळतात, घराच्या उतरत्या छपरासारख्या. उजेड त्या धारेवरच पकडला जातो त्यामुळे बँड आहे त्याच्यापेक्षा बारीक दिसतो आणि खडा मोठा वाटतो. दिसायला खरंच देखणा. पण ती धार कायमची राहत नाही, रोजच्या वापराने गोल होत जाते, आणि प्रत्येक पॉलिशमध्ये अजून थोडी जाते. शिवाय शेजारच्या दोन बोटांना ती सारखी जाणवते. धार अगदी तीक्ष्ण न ठेवता थोडी मोडून घ्या आणि वर्षातून चार-चार वेळा पॉलिशला टाकू नका.

रुंदी वेगळी, जाडी वेगळी

ह्या दोन शब्दांत जेवढा गोंधळ होतो तेवढा कशातच होत नाही. रुंदी म्हणजे वरून बघितल्यावर बोटावर जेवढी पट्टी दिसते ती. जाडी म्हणजे कातडीपासून बाहेरच्या बाजूपर्यंत धातूचा थर किती आहे तो. मुली म्हणतात पातळ हवी, त्यांच्या मनात असते रुंदी, आणि बनवणारा कमी करून टाकतो जाडी पण. तिथे घोळ होतो.

हे का महत्त्वाचं ते सांगते. पट्टी वाकायला किती जोर लागतो हे रुंदीपेक्षा जाडीवर कितीतरी जास्त अवलंबून असतं. रुंदी दुप्पट केली तर मजबुती दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, कारण तिथे जाडीचा घन लागतो. म्हणजे १.२ मिमीचा थर १.६ मिमी केला, जो फरक डोळ्याला धड कळतही नाही, तरी बँड दुपटीपेक्षा जास्त ताठ होतो. म्हणून नाजूक दिसणारी अंगठी हवी असेल तर रुंदी कमी करा, जाडी राहू द्या. वरून बारीक, बाजूने भरीव.

आकडेच हवे असतील तर एक खडा असलेल्या साध्या अंगठीला १.८ ते २.२ मिमी रुंदी बहुतेक हातांना छान दिसते आणि टिकते पण. दीड मिमीच्या खाली रोज घालायच्या अंगठीसाठी मी जात नाही, कितीही आग्रह झाला तरी आधी बसवून समजावून सांगते. जाडी खालच्या बाजूला, तळहाताकडे, १.५ ते १.८ मिमी असावी, कारण तुम्ही जे काही पकडता, बॅगचा पट्टा, बाईकचं हँडल, दरवाजाची कडी, बसमधला दांडा, ते सगळं तिथेच घासतं आणि अंगठी तिथूनच झिजते.

एक अंगठी माझ्यासमोर आली होती ती अजून आठवते. कुठून केली ते महत्त्वाचं नाही. रुंदी १.४, त्याच्यावर वरच्या भागात बारीक हिरे जडवलेले, बाहेरून बघितलं तर इतकी सुंदर की हातातून ठेवावीशी वाटेना. मुलगी म्हणाली दोन हिरे पडले, परत बसवले, परत एक पडला. मी ती मापाच्या स्टीलच्या सळईवर सरकवली आणि उजेडासमोर धरली. खाली-वर अंगठी सळईला टेकलेली आणि दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक फट, चंद्रकोरीसारखी. म्हणजे अंगठी गोल राहिलीच नव्हती, लांबट झाली होती. व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावून बघितलं तर खालची जाडी १ मिमीच्याही आत. ती जिमला जाते, डंबेल उचलताना दर वेळी अंगठी थोडी दबायची, परत थोडी सुटायची, आणि त्या हालचालीत हिऱ्यांची घरं ढिली होत गेली. जडवणाऱ्याचा हात चांगलाच होता, हिरे पडत होते ते बँडमुळे. शेवटी खालचा अर्धा भाग कापून काढून तिथे जाड पट्टी जोडली, हिरे पुन्हा घट्ट केले, आणि तिला सांगितलं की वजन उचलताना अंगठी काढून ठेव. त्यानंतर हिरा पडला नाही.

रुंदी ठरवायला दुकानात जायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. कागदाच्या पट्ट्या कापा, एक दोन मिमीची, एक तीनची, एक चारची, पट्टीने नीट आखून. त्या बोटाभोवती गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि हात लांब करून बघा, आरशात बघा, फोन हातात धरून बघा. फोनच्या स्क्रीनवर अंगठीचा फोटो मुठीएवढा दिसतो, त्याच्यात दोन मिमी आणि तीन मिमीतला फरक काही कळत नाही, बोटावर मात्र लगेच कळतो. शक्य असेल तर ती पट्टी दोन-तीन तास तशीच ठेवा, नुसती डोळ्याला सवय होऊ द्या.

हाताचं म्हणाल तर बोटं आखूड असतील तर अरुंद बँडने ती लांब दिसतात, लांब सडक बोटांवर रुंद बँड शोभतो, हे सगळे सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरंय. पण माझ्या मते त्याच्यापेक्षा जास्त बघायचं ते बोटाचं पेर. बोटाच्या मुळापासून पहिल्या सांध्यापर्यंत जागा किती आहे ते बघा, कारण अंगठी त्याच जागेत बसणार. ती जागा कमी असेल आणि बँड रुंद असेल तर बोट वाकवताना अंगठी सांध्याला अडते, मग ती कितीही आवडलेली असो, आठवड्याभरात डब्यात जाऊन पडते.

वरून दिसणारा आकार

आतलं आणि खालचं ठरलं की आता वर या, इथे आवडीला भरपूर वाव आहे.

साधा सरळ बँड म्हणजे सगळीकडे एकच रुंदी. काही चुकत नाही, माप बदलायला सोपा, दुरुस्तीला सोपा, जुना झाला तरी जुना दिसत नाही. कुणी मला डोळे मिटून एक निवड म्हणालं तर मी मात्र टेपर्ड बँड निवडेन. टेपर्ड म्हणजे खाली रुंद आणि खड्याकडे जाताना हळूहळू निमुळता, समजा खाली २.२ आणि खड्याजवळ १.७. झिजणारी जागा भरीव राहते, खड्याजवळ बँड बारीक झाल्यामुळे खडा उठून दिसतो, आणि नजर आपोआप बँडवरून खड्याकडे जाते. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी व्यासाचा असतो आणि अर्ध्या कॅरेटचा साधारण ५.१, म्हणजे छोट्या खड्याला तर हा निमुळतेपणा फारच उपयोगी पडतो. तीन मिमीच्या सरळ बँडवर अर्ध्या कॅरेटचा खडा हरवल्यासारखा दिसतो, तोच खडा टेपरवर बसवला की लोक विचारतात केवढ्याचा आहे म्हणून.

कॅथेड्रल नावाच्या प्रकारात बँडचे दोन हात कमानीसारखे वर चढतात आणि खड्याच्या घराला दोन्ही बाजूंनी आधार देतात. खडा उंच असेल तर हा आधार चांगला, बाजूने ठोकर लागली तर ती एकट्या प्राँगवर येत नाही. फक्त कमानीखाली जी पोकळी राहते तिथे मळ साठतो, जुन्या मऊ ब्रशने कोमट साबणपाण्यात घासायची सवय ठेवावी लागते.

स्प्लिट शँक म्हणजे खड्याजवळ येताना बँड दोन फाट्यांत उघडतो. मोठ्या खड्याला, विशेषतः ओव्हल नाहीतर लांबट खड्याला, शोभतो. वरून रुंद दिसतो म्हणून छोट्या बोटावर थोडं जास्त होतं, आणि बघायचं असेल तर फाट्याचा प्रत्येक पाय किती रुंद आहे ते बघा, दोन पाय मिळून दोन मिमी असं होता कामा नये. ट्विस्ट म्हणजे दोन तारा पिळल्यासारखा बँड, दिसायला नाजूक, पण पिळाच्या खाचांमध्ये कचरा अडकतो आणि माप बदलताना पिळाचं डिझाईन जोडाजवळ जुळवायला त्रास होतो, म्हणून पीळ वरच्या अर्ध्यात ठेवून खालचा भाग साधा घेतला तर सगळ्यात बरं. बायपासमध्ये बँडची दोन टोकं खड्याला वळसा घालून एकमेकांच्या शेजारून निघून जातात. मला स्वतःला हा फार आवडतो, पण शेजारी दुसरी रिंग बसवायची असेल तर तो नखरे करतो.

रुंद बँड, सहा-सात मिमीचे, सध्या बरेच जण मागतात. चांगले दिसतात. फक्त उलटा धरून बघा की मागून पोकळ केलाय का. वजन कमी करायला आतून धातू कोरून काढतात, वरून भरीव दिसतं आणि आतून वाटीसारखं असतं, त्याच्यात मळ बसतो, कडा कातडीवर वण उठवतात आणि पुढे माप बदलायचं म्हटलं की कारागीर कपाळाला हात लावतो.

बँडवर हिरे हवेत का

पावे म्हणजे बँडच्या अंगावर बारीक बारीक हिरे ओळीने जडवलेले, मध्ये धातूचे इवलेसे दाणे त्यांना धरून ठेवतात. एक एक हिरा बहुतेक १ ते दीड मिमीचा, १.३ मिमीचा गोल हिरा म्हणजे जेमतेम एक सेंट, कॅरेटचा शंभरावा भाग. तो धरणारा दाणा किती लहान असेल विचार करा. चमक खूप येते, नाही म्हणत नाही, पण हे काम नाजूक आहे आणि अधूनमधून एखादा हिरा सुटणार हे धरूनच चालायचं. हाताचं काम जास्त असेल, दिवसभर हातमोजे घालायचे-काढायचे असतील, लहान बाळ असेल, तर चॅनल घ्या, त्याच्यात हिरे दोन धातूच्या भिंतींमध्ये बसतात, कापडात अडकत नाहीत.

हिरे कुठपर्यंत न्यायचे हा खरा प्रश्न. पूर्ण गोल हिऱ्यांचा बँड, म्हणजे फुल इटर्निटी, मी साखरपुड्याच्या अंगठीसाठी सुचवत नाही. कारण तळहाताकडचे हिरे दिसत तर नाहीतच, उलट सगळ्यात जास्त मार तेच खातात, आणि पुढे बोट जाड-बारीक झालं तर माप बदलायला जागाच राहत नाही. साधा बँड खालून कापायचा, तुकडा घालायचा नाहीतर काढायचा, जोडायचा, झालं. हिरे असले की प्रत्येक हिऱ्याचं घर त्या एका गोलाईला धरून कापलेलं असतं, गोलाई बदलली की घर उघडतं नाहीतर आवळतं. वरचा अर्धा भाग हिऱ्यांचा आणि खालचा साधा ठेवा, दिसणार तेवढंच आणि पुढची सोय पण राहते. माणसाचं बोट आयुष्यभर एका मापाचं राहत नाही, बाळंतपणात बदलतं, वजनाने बदलतं, वयाने सांधे फुगतात.

अंगठी फिरत असेल तर

सांधा मोठा आणि बोटाचं मूळ बारीक, असे हात खूप जणींचे असतात. सांध्यावरून जावी म्हणून मोठं माप घेतलं की खाली अंगठी ढिली, आणि वरचा खडा जड म्हणून ती कलंडते. लोक मग माप लहान करत जातात आणि एक दिवस ती साबण लावूनही निघत नाही. अशा हाताला मापापेक्षा आकार कामाला येतो. युरो शँक म्हणून एक प्रकार आहे, त्याचा खालचा भाग गोल नसतो, चौकोनी कडांसारखा सपाट असतो. ते दोन कोपरे बोटाच्या खालच्या मांसावर टेकतात आणि अंगठी जागची हलत नाही. टेबलावर ठेवली तर उभी राहते, तेवढ्यावरून ओळखता येते. अंगठी आधीच घेतलेली असेल तर आतून खालच्या बाजूला, घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी, दोन बारीक धातूचे मणी जोडून मिळतात. सांध्यावरून जाताना ते थोडे जाणवतात, पण नंतर अंगठी छान धरून ठेवतात. खडा जेवढा मोठा आणि उंच तेवढा खालचा भाग वजनदार हवा, हे पण लक्षात असू द्या.

शेजारी दुसरी रिंग येणार असेल तर

हे आत्ताच ठरवा, लग्नाच्या वेळी बघू म्हणू नका. खड्याचं घर खाली असेल आणि ते बँडच्या बाहेर येत असेल तर सरळ दुसरी रिंग शेजारी चिकटून बसत नाही, मध्ये फट राहते. फट चालत असेल तर काही प्रश्न नाही, कित्येकींना ती आवडते. चालत नसेल तर दोन रस्ते आहेत, एक तर खडा एवढा वर घ्या की त्याच्याखालून सरळ रिंग सरकेल, नाहीतर दुसरी रिंग व्ही आकाराची किंवा वळणाची करून घ्या. दोन्ही बँडची जाडी जवळपास सारखी ठेवा म्हणजे एकीची कड दुसरीवर चढत नाही. आणि एक गोष्ट जी आधी कुणी सांगत नाही, हिऱ्यांचा बँड आणि साधा बँड शेजारी शेजारी रोज घातले तर हिऱ्यांच्या कडा साध्या बँडला करवतीसारख्या कापत जातात. हिऱ्यापुढे सोन्याचं काय चालणार. तिथे हिऱ्यांच्या बाजूला धातूची सलग कड ठेवून घ्या.

धातूचं थोडक्यात

२२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, रंग सुंदर पण मऊ, बारीक बँड आणि प्राँगला ते लवकर वाकतं. म्हणून हिऱ्याच्या अंगठ्या बहुतेक १८ कॅरेटमध्ये, म्हणजे ७५ टक्के, नाहीतर १४ कॅरेटमध्ये करतात. तुम्हाला २२चाच रंग हवा असेल तर बँड भरीव घ्या, अडीच मिमीच्या खाली जाऊ नका. प्लॅटिनम त्याच मापात १८ कॅरेटपेक्षा साधारण तीसेक टक्के जड पडतं, काहींना ते वजन आवडतं, काहींना नको होतं, हातात घेऊनच कळतं. व्हाईट गोल्डवर ऱ्होडियम या पांढऱ्या चमकदार धातूचा थर असतो, तो खालच्या बाजूला आधी उडतो आणि पिवळसर झाक दिसायला लागते, परत चढवून मिळतो. टंगस्टनचा बँड माप बदलून मिळत नाही, एवढं माहीत असू द्या.

माप आणि ऑर्डर

माप संध्याकाळी द्या. सकाळी उठल्याबरोबर, थंडीत, नाहीतर नुकतंच जिममधून आल्यावर देऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घेतलंत तर अजून चांगलं. आणि ज्या रुंदीचा बँड करणार त्याच रुंदीच्या मापाच्या रिंगने घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण दोन मिमीच्या रिंगने घेतलेलं माप सहा मिमीच्या बँडला घट्ट होतं, तिथे माप थोडं वाढवावं लागतं. उलट कम्फर्ट फिट जरा सैल वाटतो, तो त्याच आकाराच्या रिंगनेच बघा. बरोबर माप म्हणजे घालताना सहज जाते, काढताना सांध्यावर थोडी अडते.

नवीन बनवून घेत असाल तर कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: वरची रुंदी, खालची रुंदी, खालची जाडी, आणि आतली बाजू सपाट की गोल. जाडी पॉलिश झाल्यानंतरची लिहा, कारण घासताना थोडा धातू जातोच आणि मग ठरलेल्या १.५ची १.३ हातात येते. कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवतील, ते बघा पण त्याच्यावर हो म्हणू नका, मेणाचं किंवा रेझिनचं मॉडेल करून बोटात घालून बघता येतं, तसं मागा. आत नाव किंवा तारीख कोरायची असेल तर ती खालच्या मधोमध नको, माप बदलताना कापतात ती जागा तीच असते, थोडी बाजूला घ्या.

अंगठी तयार होऊन हातात आली की लगेच बॉक्स बंद करून घरी जाऊ नका. व्हर्निअर मागा आणि खालची जाडी तुमच्यासमोर मोजायला सांगा, कुणाला वाईट वाटत नाही. सळईवर चढवून उजेडासमोर धरा, कुठे फट दिसते का बघा. मग घाला, मूठ आवळा, बोटं फाकवा, शेजारच्या बोटांना काही लागतं का बघा, हात खिशात घालून काढा, पातळ ओढणी नाहीतर मऊ रुमाल अंगठीवरून सगळ्या बाजूंनी ओढून बघा धागा कुठे अडकतोय का. अडकला तर तिथल्या तिथे दाखवा, कारागिराला ती कड मोडायला पाच मिनिटं लागतात.